आतली ओळ मालवणीत

ती माझ्याकडे आली 2021च्या जुलैत. फोनमध्ये सात सेल्फ टेप होत्या, म्हणजे स्वतःच चित्रित करून पाठवलेल्या ऑडिशन, सातही नाकारलेल्या. तीन हिंदी, दोन मराठी, एक गुजराती, एक कानडी. मी नटांकडून उच्चार आणि संवादांची तयारी करून घेते, त्यामुळे माझ्याकडे येणारे बहुतेक जण दारातच म्हणतात, "ताई, माझं हिंदी जरा बघा." हिचं हिंदी बघायची गरजच नव्हती. सातही टेप ऐकल्या, एक उच्चार खटकला नाही. म्हणून मी आवाज बंद केला आणि परत पहिल्यापासून लावल्या.

आवाज गेल्यावर दिसलं की गुजराती टेपमध्ये हिची मान डावीकडे कलते. हिंदीत भुवया खाली यायला तयार नाहीत. मराठीत हनुवटी पुढे येते. आणि कानडीत तर ही चक्क म्हातारी होते: सत्तावीस वर्षांची मुलगी, खांदे पाडून, तोंडात तंबाखू धरल्यासारखे ओठ मिटून. सात टेपांत चार बायका, आणि माझ्या खाटेच्या कडेवर बसून चहा पिणारी पाचवी.

"ही कोण?" मी कानडी टेप थांबवून विचारलं.

तिने फोन हातात घेतला, बराच वेळ पाहिलं. "आजी," ती म्हणाली. "आईची आई."

हे प्रकरण लिहायला तिने होकार दिलाय, नावं गाळायच्या अटीवर. तिचं, घरच्यांचं, मालिकांचं, सिनेमांचं, कुणाचंच नाव नाही. मलाही ते सोयीचं आहे. नाव आलं की वाचणारा यशाचा हिशोब मांडत बसतो, आणि मला सांगायचंय ते वेगळं आहे. चार भाषा येणाऱ्या नटाला पडद्यावर चौपट वाव, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. या मुलीच्या बाबतीत त्या चार भाषांनीच वाट अडवली होती, आणि ती मोकळी कशी झाली हे आम्हा दोघींनाही आधी कळलं नव्हतं.

काळाचौकीतलं घर

आजोबा सिंधुदुर्गातून मुंबईला गिरणीत आले. 18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला आणि इतर हजारो घरांसारखं यांच्याही घरात कामाला जाणं थांबलं ते थांबलंच. वडील तेव्हा शाळेत. पुढे ते फोर्टातल्या एका कॅन्टीनमध्ये लागले, पण त्यांची खरी ओळख वेगळी. ते दशावतारात, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्यात, स्त्री पार्टी करत, बायकांच्या भूमिका. गावी जत्रांचा हंगाम कार्तिकानंतर सुरू झाला की साठवलेली रजा काढून जायचे, आणि एरवी मुंबईतल्या चाकरमान्यांच्या मंडळातून परळ-लालबागच्या आसपास प्रयोग करायचे.

दशावतार पाहिला नसेल तर दोन गोष्टी सांगायला हव्यात, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एक, यात लिहिलेली संहिता नसते. गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, संकासुर असा पूर्वरंग झाला की आख्यान लागतं. कुठलं आख्यान, कुणी काय करायचं, कथा कुठून कुठे जाणार, एवढं रंगपटात, रंग लावायच्या खोलीत, ठरतं. बोलणं रंगमंचावर जागच्या जागी सुचायचं. पेटी, मृदंग, झांज आणि एक बाक, एवढ्यावर रात्र काढायची. दुसरी गोष्ट, परंपरेने हा पुरुषांचा खेळ. सीता, मंदोदरी, तारामती सगळ्या पुरुषच करत आले. अलीकडे बायकांची मंडळंही उभी राहिली आहेत, पण हिच्या लहानपणी मुलीने तिथे उभं राहायचा प्रश्नच नव्हता.

म्हणजे घर कलावंताचं, आणि वारसा असा की मुलीला तो घेता येत नाही. ती फक्त बघायची. वडील खिडकीतल्या हातभर आरशासमोर नऊवारी नेसत, तेव्हा पिना पुरवायचं काम हिचं. पदर खांद्यावरून किती घसरू द्यायचा, बसताना उजवा गुडघा आधी का मोडायचा, रडताना हात तोंडापासून चार बोटं लांब का ठेवायचा (रंग पुसतो म्हणून), हे सगळं हिला दहाव्या वर्षी पाठ. बाईने बाईसारखं कसं दिसायचं हे ही एका पुरुषाकडून शिकली. मी हे ऐकलं तेव्हा हसले होते. पुढे कॅमेऱ्यासमोर याची चांगलीच किंमत मोजावी लागली.

आई बेळगावची. आजोळी कानडी आणि मराठी एकाच वाक्यात नांदायच्या, आजी तर रागावली की कानडी आणि लाड आले की मराठी. चाळीत तळमजल्यावर गुजराती वाण्याचं दुकान आणि मागे त्यांचं घर. ही शाळेतून आली की आई कामावरून येईपर्यंत तिथल्या 'बां'कडे, त्या घरातल्या वडीलधाऱ्या बाईकडे. मालवणी वडिलांची, प्रमाण मराठी शाळेची, हिंदी रस्त्यावरची आणि टीव्हीची. कुठलीच भाषा हिने शिकली नाही. माणसं उचलली, भाषा त्यांच्यासोबत आली. हा मुद्दा माझ्या लक्षात यायला तीन महिने लागले, आणि मी स्वतःला अनुभवी समजते.

काचेपलीकडची तीन वर्षं

कॉलेजात एकांकिका केल्या, बक्षिसंही मिळाली, त्यात वेगळं काही नाही. मुंबईत दरवर्षी अशी पोरं येतात आणि स्पर्धा संपल्या की बॅंकेच्या परीक्षा देतात. ही डबिंगला गेली. 2016मध्ये नेटफ्लिक्स आणि प्राइम व्हिडिओ इथे आले, दाक्षिणात्य सिनेमांच्या हिंदी आवृत्त्या टीव्हीवर चालतच होत्या, आवाजांना मागणी होती. अंधेरी-ओशिवऱ्याच्या स्टुडिओंत ही गर्दीतल्या बायका, नर्स, शेजारणी, मैत्रिणी बोलायची. एका दिवशी सहा आवाज. समन्वयकांनी हिच्या नावापुढे लिहून ठेवलं होतं: काहीही देते.

डबिंगमध्ये काम काय असतं? दुसऱ्या कुणाच्या ओठांवर आपले शब्द बसवायचे. श्वास तिचा, थांबणं तिचं, वळणं तिचं, आपला फक्त आवाज. ज्याला माणूस उचलायची सवय आहे त्याच्यासाठी ही नोकरी म्हणजे माशाला पाणी. कान तयार झाला तो इथेच. मराठी माणसाचं हिंदी पकडलं जातं ते बहुधा "है" आणि "मैं"वर. आपण "पैसा"मधला ऐ तिथे लावतो, अ आणि इ वेगवेगळे ऐकू येतात. हिंदीभाषकाचा ऐ एकाच सुरात लांबतो. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, तरी तिचं "है" लखनौच्या माणसानेही विचारू नये असं होतं.

मार्च 2020मध्ये चित्रीकरणं बंद पडली. तिने आईच्या कपाटात गोधड्या टांगून, आत फोनच्या उजेडात बसून आवाज दिले. बाहेर वडील भांडी घासताना थांबायचे. त्या कपाटात कधीतरी हिच्या मनात आलं की आपला चेहरा कुणी बघितलेलाच नाही.

"थोडा मराठी टच"

वर्सोव्याच्या आरामनगरात ज्यांनी ऑडिशनसाठी रांगा लावल्या आहेत त्यांना हे वर्णन नको. बाहेर नाव लिहा, आत जाऊन स्लेट द्या, म्हणजे कॅमेऱ्यासमोर स्वतःची ओळख, उजवी बाजू, डावी बाजू, आणि मग भिंतीला टेकलेला एक मुलगा सपाट आवाजात क्यू, समोरच्या पात्राची वाक्यं, देतो. हिला मराठी नावामुळे बोलावणी यायची ती ठरलेलीच: कामवाली, हवालदाराची बायको, नर्स. संवाद झाला की आतून फर्माईश: "थोडा मराठी टच दो ना."

हा टच म्हणजे काय हे मी आजवर कुणाकडून नीट ऐकलेलं नाही. बहुधा "अगं बाई" सुरुवातीला आणि "ना" शेवटी. खऱ्या मालवणी बाईचा हेल त्यांना नको असतो, तो त्यांना गोव्याचा वाटतो. हिने ऐकवून पाहिला होता. क्यू देणारा मुलगा म्हणाला, मराठी वाटत नाही.

आधी नटाचा हेल कसाही असला तरी चालून जायचं, कारण आवाज नंतर घातला जायचा. 2001च्या 'लगान'नंतर सिंक साउंड हिंदीत रुजत गेला, सेटवर बोललं ते पडद्यावर, आणि नटाची स्वतःची जीभ एकदम मोलाची झाली. अतुल कुलकर्णी बेळगावचे, सयाजी शिंदे साताऱ्याकडचे. दोघांनीही दक्षिणेत कितीतरी काम केलं. शिंद्यांनी तर 2000 साली तमिळमध्ये कवी सुब्रमण्य भारतींची भूमिका केली. भाषा बदलून काम करणं आपल्याकडे मुळीच नवं नाही. 1843ला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत पहिला खेळ उभा केला तो उत्तर कानड्यातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. प्रभातने 1932मध्ये 'अयोध्येचा राजा' मराठीत आणि हिंदीत असा दोनदा चित्रित केला, दुर्गाबाई खोटे दोन्हींत. पण यातलं कुणीही चार माणसांची नक्कल करत चार भाषा बोलत नव्हतं. आमच्या पोरीची अडचण तिथेच होती.

तीन महिने मी चुकीचं औषध दिलं, तेही लिहिते. मला वाटलं, ही रंगमंचाची सवय आहे, मोठं करते. म्हणून मी तिला लहान करत नेलं. हात मांडीखाली, भुवया स्थिर, अर्ध्या आवाजात बोल. परिणाम असा की चार बायका गेल्या आणि उरलं ते वाचून दाखवणं. एका टेपला पहिल्यांदाच लेखी अभिप्राय आला: चेहऱ्यावर काही घडत नाही. तिने तो मला पाठवला, खाली काही लिहिलं नाही. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

बाबांना फोन

ऑक्टोबरमधली संध्याकाळ. आम्ही एका हिंदी वेबमालिकेचा प्रवेश घेऊन बसलो होतो. पाच वर्षं गायब असलेला नवरा दारात उभा आहे. बायको त्याला म्हणते, "खाना लगा दूँ?" एवढीच ओळ. हिने ती अकरा तऱ्हांनी म्हटली. अकराही तऱ्हा कुठल्या ना कुठल्या सिनेमातल्या होत्या, हे तिलाही कळत होतं. बाराव्या वेळी ती म्हणाली, "बाबांना हे कुणी लिहून दिलं असतं तर त्यांना अजिबात जमलं नसतं."

मी म्हटलं, लाव फोन. स्पीकरवर ठेव.

वडील घरीच होते. हिने मालवणीत विचारलं, बाबा, आख्यान ठरल्यावर तुम्ही तयारी काय करता? ते आधी नीट उत्तर देईनात. तयारी कसली, रंग लावायचो आणि उभं राहायचो. मग जरा थांबून म्हणाले, "कथा सांगतत. मगे मी आपल्याक इचारतंय, माका तेच्याकडसून काय होया? बाकीचा आपसूक येता, चेडवा."

मला त्याच्याकडून काय हवंय. कार्यशाळांमध्ये यालाच मोठं इंग्रजी नाव देऊन दोन दिवसांचे आठ हजार घेतात. मीही पूर्वी घेतलेत. पण इथे फरक भाषेचा होता. फोन ठेवल्यावर मी तिला म्हटलं, हिंदी विसर. तो दारात आलाय. तुझ्या भाषेत त्याला काय म्हणशील? तुझ्या म्हणजे, जिच्यात तू कुणाची नक्कल करत नाहीस.

ती क्षणभरही थांबली नाही. "आता इलस? जेव आणि चलाक लाग."

"हे मनात म्हण. तोंडाने हिंदी."

तिने तसं केलं. दाराकडे पाहिलं. मध्ये काहीतरी गेलं, ओठ न हलता. मग "खाना लगा दूँ?" अगदी साधं. भुवया जागच्या जागी, हात जागच्या जागी, आणि तरी माझ्या अंगावर काटा आला, कारण ती त्याला जेवायला वाढून हाकलून देणार होती हे मला दिसत होतं. ओळीत त्यातलं काहीच नव्हतं.

हे का घडलं याचा मी पुढे बराच विचार केला. मालवणी तिची मातृभाषा नाही, पितृभाषा म्हणा हवं तर. वडिलांचीही नक्कल तिने केली असतीच, पण वडील रंगमंचावर ज्या बायका करत त्या सगळ्या भारदस्त, पौराणिक मराठी बोलणाऱ्या. मालवणी ते घरी बोलत, रंग उतरवून, लुंगीवर. त्या भाषेला मुखवटाच नव्हता. म्हणून ती एकटी भाषा उचललेली नव्हती. हा माझा तर्क. तिला विचारलं तर ती म्हणते, "मालवणीत खोटं बोलताच येत नाही ताई, हसू येतं."

त्या दिवसापासून तिच्या प्रत्येक संहितेच्या डाव्या समासात पेन्सिलीने मालवणी ओळी. अनुवाद नव्हेत. संवाद असतो "डॉक्टरसाहेब, सब ठीक है ना?" आणि समासात "माका सगळा ठावक आसा." वेबमालिकेचं काम मिळालं, पाच प्रवेश. 2022मध्ये तीन दिवस चित्रीकरण झालं, पैसे चौथ्या महिन्यात आले.

कुठे चाललं, कुठे नाही

आता इथे मला सावध राहायला हवं, कारण कार्यशाळेत हे सांगितलं की मुलं लगेच समास काढतात.

आतली ओळ म्हणायला वेळ लागतो. अगदी थोडा, अर्धा सेकंद असेल. क्लोजअपमध्ये तो अर्धा सेकंद म्हणजे सोनं, संकलक त्यावरच तर कापतो. पण 2022च्या शेवटी तिला एक रोजची मराठी मालिका मिळाली. घोडबंदर रोडला सेट, बारा तासांची शिफ्ट, पानं सकाळी मेकअप चालू असताना हातात. तिथे दिग्दर्शक पहिल्याच दिवशी ओरडला, "गॅप नको, गॅप नको, पुढचीचा क्यू जातोय." आठवडाभर तिने समास भरले, मग सोडून दिले आणि हनुवटी पुढे काढून बोलायला लागली. मालिकेत ते चाललं, चांगलं चाललं. लोक तिला बाजारात ओळखायला लागले ते त्या हनुवटीवरून. यात मला उपरोध दिसतो, तिला दिसत नाही. तिचं म्हणणं, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्या हनुवटीने केलं.

गुजरातीतली गोष्ट तर उलटीच. एका व्यावसायिक गुजराती नाटकात बदली म्हणून उभी राहिली, रविवारचे दोन-दोन प्रयोग. विनोदी नाटक. तिथे वाण्याच्या घरातल्या बा संपूर्ण अंगात घेऊन गेली, मान डावीकडे, आणि पहिल्याच वाक्याला हशा. विनोदाला तयार माणूस लागतो. प्रेक्षकाला आधी ओळख पटली पाहिजे, मग हसू येतं. नक्कल वाईट असं मी म्हणतच नाही. कुठे वापरायची हे कळायला हवं, आणि ती आपोआप चालू होता कामा नये.

पदराचं मात्र अजून सुटलेलं नाही. वेबमालिकेच्या दुसऱ्या दिवशी छायालेखकाने तिला बाजूला घेऊन हळूच विचारलं, तुम्ही नाचता का? बसताना उजवा गुडघा आधी मोडला होता तिने. मी घरी तिला गबाळ्यासारखं बसायला शिकवते. जीन्समध्ये जमतं, साडी नेसली की बाबा येतात.

धारवाडकडचं चित्रीकरण

2023मध्ये कानडी सिनेमा आला. ज्या टेपमध्ये ती आजी झाली होती तीच भाषा. भूमिका खानापूरकडून धारवाडला दिलेल्या सुनेची, म्हणजे सीमेवरची कानडी असणं हीच गरज. "या" म्हणताना बेंगळुरूचा माणूस "बन्नि" म्हणेल तिथे हिची आजी "बर्री" म्हणायची. "ऊटा माड्री" (जेवा), "हौद्री" (हो जी), सगळीकडे तो "री" लटकवलेला. तिला हे वेगळं शिकावं लागणार नव्हतं. आम्ही फक्त आजीला खुर्चीवरून उठवलं. पंधरा दिवस रोज तासभर, कानडी ओळ तोंडात आणि मालवणी ओळ समासात, खांदे पडले की मी टाळी वाजवायचे. आजी जाऊन चार वर्षं झाली होती. दोनदा ही रडली आणि मी वर्ग थांबवला. त्याबद्दल इथे एवढंच.

चित्रीकरण छान झालं. कच्चे तुकडे मी पाहिलेत. विहिरीवर घागर ठेवून सासूकडे न बघता "हौद्री" म्हणते तो एक शॉट माझ्या मते तिचं आजवरचं सर्वांत चांगलं काम आहे. समासात तिथे लिहिलेलं होतं, "गप रव गो म्हातारे."

मग शेवटच्या टप्प्यात निर्मात्यांनी ठरवलं की हा आवाज दक्षिण कर्नाटकातल्या प्रेक्षकाला जड जाईल. तिच्या तोंडी बेंगळुरूच्या एका डबिंग कलाकाराचा आवाज घातला. तिला हे कळलं ते सिनेमा लागल्यावर. करारात तसा अधिकार त्यांना होता, वाचला आम्ही नंतर. मी चिडले, पत्र लिहायला घेतलं. तिने ते पाठवू दिलं नाही.

आम्ही दोघींनी तो सिनेमा माझ्या लॅपटॉपवर पाहिला. तिच्या चेहऱ्यावर कुणाचीतरी स्वच्छ, गुळगुळीत कानडी. विहिरीचा शॉट आला. तिने मागे घेतला, परत लावला, परत मागे घेतला. मला वाटलं आता ही रडणार.

"ओठ बरोबर बसवलेत," ती म्हणाली. "पण श्वास चुकलाय तिचा. मी आत बोलत होते ना तेव्हा, त्या जागी तिने श्वास घेतलाय. तिला वाटलं मी नुसती थांबलेय."